टॅरो पत्त्यांचे सुलटे आणि उलटे अर्थ

टॅरो म्हणजे भविष्य सांगण्यासाठी वापरले जाणारे चित्रांचे पत्ते. टॅरोच्या मांडणीत पत्ता उघडल्यावर त्यावरचे चित्र वाचणाऱ्याला सरळ दिसले, तर तो पत्ता सुलटा; डोके खाली आणि पाय वर दिसले, तर उलटा. दोन्ही स्थितींना वेगवेगळे अर्थ देण्याची प्रथा जगभर आहे. नागपुरातले वाचक, म्हणजे पत्ते वाचून भविष्य सांगणारे, ‘अपराइट’ आणि ‘रिव्हर्स’ म्हणतात आणि समोर बसलेला ‘उलटा पडला का बाप्पा?’ असे विचारतो. त्या प्रश्नात धास्ती असते, कारण उलटा म्हणजे वाईट अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती जुन्या ग्रंथांना धरून नाही आणि आजच्या जाणत्या वाचकांनाही मान्य नाही. उलट्या पत्त्याचे काय करायचे हे पत्ते पिसायला घेण्याआधी वाचणाऱ्याने ठरवलेले असावे लागते. पत्ता उघडल्यावर नियम शोधू लागले की हवा तो अर्थ निघतो.

टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पत्ते असतात. त्यांतले २२ मेजर आर्काना : फूल (मूर्ख), हर्मिट, डेथ, टॉवर, सन (सूर्य) वगैरे. उरलेले ५६ मायनर आर्काना चार रंगांत विभागलेले असतात : वाँड्स म्हणजे काठ्या, कप्स म्हणजे पेले, स्वोर्ड्स म्हणजे तलवारी आणि पेंटॅकल्स म्हणजे नाणी. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत १० आणि पेज, नाइट, क्वीन, किंग ही चार चित्रे.

उलट्याचा इतिहास

पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा इथल्या दरबारांत टॅरो खेळला जाई. भविष्याशी त्याचा संबंध नव्हता. आज मेजर आर्काना म्हणून गूढ मानले जाणारे पत्ते त्या खेळात चक्क हुकूम होते. पान हातात उलटे आले तरी त्याची किंमत बदलत नसे. उलटी असे ती क्रमवारी : तलवारी आणि काठ्यांत दश्शी वरचढ, तर पेले आणि नाण्यांत एक्का. आपल्याकडे सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १० रंगांचे १२० पत्ते असतात आणि त्यातही निम्म्या रंगांत क्रम असाच फिरतो. मात्र गंजिफाचे पान गोल असते. गोल पानाला वरची आणि खालची कड नसते, त्यामुळे तिथे उलट्या अर्थाची कल्पना रुजायला जागाच नव्हती.

टॅरोला इजिप्तचे प्राचीन ज्ञान ठरवले ते आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने, १७८१ मध्ये. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्याँ या फ्रेंच अभ्यासकाने तिचा उलगडा केला तो १८२२ मध्ये. म्हणजे दाव्याला आधार शून्य, तरी तो अजून चालतो आणि नागपुरातल्या क्लासमध्येही पहिल्या दिवशी ऐकायला मिळतो. उलट्या अर्थांचे श्रेय दुसऱ्या फ्रेंच माणसाकडे जाते. एतेय्या या टोपणनावाने लिहिणाऱ्या झाँ-बातीस्त आल्येत याने १७७० मध्ये साध्या खेळाच्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचे पुस्तक काढले आणि त्यात प्रत्येक पत्त्याला सुलटा व उलटा असे दोन अर्थ दिले. म्हणजे छापील पुस्तकांपुरते बोलायचे तर उलटे अर्थ टॅरोच्या भविष्यकथनापेक्षा जुने आहेत. पुढे १७८९ मध्ये त्याने स्वतःचा टॅरो डेक काढला. त्याच्या पत्त्यांच्या दोन्ही टोकांना शब्द छापलेले होते, त्यामुळे पत्ता कसाही पडो, वरचा शब्द वाचला की झाले.

आज नागपुरातल्या बर्डीच्या बाजारात फुटपाथवर काय किंवा ऑनलाइन काय, जो डेक सर्रास मिळतो त्याचे मूळ डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी काढलेल्या डेकमध्ये आहे. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. स्मिथबाईंच्या कामाचा उलट्या अर्थांवर फार मोठा परिणाम झाला आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. त्याआधीच्या मार्सेय या फ्रेंच पद्धतीच्या डेकमध्ये एक्का ते दश्शी या मायनर पत्त्यांवर नुसती चिन्हे असत. नाण्यांच्या कित्येक पानांत वर-खाली ओळखणे कठीणच. स्मिथ यांनी या ४० पानांवर माणसे, घरे, होड्या, आकाश रंगवले. माणूस आला की डोके आणि पाय आले, आणि उलटे पान पाहताक्षणी खटकू लागले.

वेट यांचे उलटे अर्थ

वेट यांनी दिलेले अर्थ शांतपणे वाचले तर ‘उलटा म्हणजे विरुद्ध’ हे सूत्र चौथ्या-पाचव्या पानातच मोडते. सन सुलटा असेल तर ऐहिक सुख, चांगला विवाह, समाधान. उलटा असेल तर? तेच, थोडे कमी. काठ्यांच्या चौकीवर उत्सवाचे हार बांधलेले चार खांब आहेत. ते पान उलटे आले तरी अर्थ बदलत नाही, असे वेट सरळ लिहितात. व्हील ऑफ फॉर्च्यून सुलटे असताना भाग्य आणि यश, उलटे असताना वाढ आणि विपुलता. तलवारींची दश्शी दिसायला सगळ्यांत भयंकर : पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीत दहा तलवारी. ती उलटी आली तर वेट लाभ, यश, मर्जी असे अर्थ देतात आणि यातले काहीच टिकाऊ नाही अशी पुस्ती जोडतात. याउलट नाण्यांची पंजी बघा. बर्फात चालणारे दोन दरिद्री लोक आणि मागे उजळलेली खिडकी. सुलटी असताना पैशाची चणचण; उलटी असताना सुटका नाही, तर गोंधळ आणि नाश. संकट दुप्पट.

हँग्ड मॅन हे तर परीक्षेचे पान. त्यातला माणूस सुलट्या स्थितीतच एका पायाने उलटा टांगलेला आहे आणि त्याचा चेहरा शांत आहे. पान उलटे झाले की तो उभा दिसतो. नवखा वाचक इथे हमखास चकतो आणि पान फिरवून ठेवतो. ओळखायची खूण क्रमांकाची : बारा हा रोमन आकडा वरच्या कडेला असतो.

आजच्या वाचनपद्धती

शंभरेक वर्षांत वाचकांनी वेट यांच्या याद्या बऱ्याच बाजूला ठेवल्या आणि उलट्या स्थितीसाठी सर्वसाधारण नियम बनवले. सर्वांत प्रचलित नियम अडथळ्याचा : पत्त्याचा जो गुण तोच, पण अडलेला किंवा लांबलेला. दुसरा आत वळण्याचा : जे बाहेर घडायचे ते मनात चालले आहे. काही जण अतिरेक किंवा कमतरता बघतात. काही जण सुटका बघतात, आणि ही पद्धत कठीण पानांवर चांगली बसते. तलवारींच्या अठ्ठीत डोळ्यांवर पट्टी आणि अंगाभोवती दोर असलेली बाई उलटी आली की दोर सैल होऊ लागले, असे ते सांगतात. निव्वळ विरुद्ध अर्थ घेणारेही आहेत, पण त्यांना सनसारख्या पानावर अडखळायला होते.

एका बैठकीत एकच नियम पाळावा, असा संकेत आहे. तो पाळणे सोपे नाही, कारण समोरच्याचा चेहरा पडला की वाचणाऱ्याची जीभ आपोआप ‘सुटका’कडे वळते.

काही परंपरा उलटे पान मानतच नाहीत. इंग्लंडमधल्या गोल्डन डॉन या गूढवादी मंडळाच्या पद्धतीत शेजारच्या पत्त्यांवरून बलाबल ठरते : काठ्या अग्नी, पेले जल, तलवारी वायू, नाणी पृथ्वी. अग्नीच्या दोन्ही बाजूंना जल आले की ते पान दुबळे. फ्रीडा हॅरिस यांनी रंगवलेला, अलिस्टर क्राउलीचा थॉथ डेक याच वाटेने वाचतात. ग्रहाचे बळ शेजारच्या ग्रहांवरून जोखायची सवय असलेल्या पत्रिकावाल्यांना ही रीत चटकन समजते.

पिसणे, कापणे, उघडणे

उलटे पान येते कुठून, हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. आपण रमीला पिसतो तसे हातात धरून पत्ते पिसले तर एकही पान फिरत नाही. क्रम बदलतो, दिशा तीच राहते. नव्या कोऱ्या डेकमध्ये सगळी पाने सुलटी असतात, त्यामुळे अशा पिसण्याने महिनोन्‌महिने एकही उलटे पान येणार नाही. कापताना अर्धा गठ्ठा फिरवून ठेवला तरच ती मिसळू लागतात. खरी सरमिसळ हवी तर सगळे पत्ते सतरंजीवर पसरून दोन्ही तळव्यांनी गोल गोल घोळायचे. त्यानंतर तीन पानांच्या मांडणीत तिन्ही सुलटी येण्याची शक्यता आठात एक. दहा पानांच्या केल्टिक क्रॉस या मांडणीत सगळी सुलटी येण्याची ५१२ मध्ये एक, कारण दिशा नऊच पानांची मोजतात. केल्टिक क्रॉसमधले दुसरे पान आडवे ठेवतात. ते ना सुलटे ना उलटे. रूढीप्रमाणे ते सुलटे धरून वाचतात.

पान उघडण्याची रीतही महत्त्वाची. पुस्तकाचे पान उलटावे तसे उजवीकडून डावीकडे उघडले तर दिशा तशीच राहते. खालची कड धरून वर उचलत उघडले की सुलट्याचे उलटे होते. एकाच बैठकीत दोन्ही हातवारे करणारा वाचक नकळत अर्धे भविष्य स्वतःच लिहीत असतो. दिशा मोजायची ती वाचणाऱ्याच्या बाजूने. समोरासमोर बसल्यावर विचारणाऱ्याला सुलटे पानही उलटेच दिसते आणि तो उगाच घाबरतो. म्हणून काही जण त्याला शेजारी बसवून घेतात.

नागपूरचा खास शत्रू म्हणजे कूलर. मार्च संपला की घरोघरी खिडकीला कूलर लागतो आणि त्याच्या झोतात मांडणी उडते. उडालेले पान मूळ दिशेने परत ठेवता येत नाही. काही जण अशा वेळी मांडणी नव्याने करतात. पिसताना आपसूक निसटलेल्या पानाला ‘जम्पर’ म्हणून खास निरोप मानणारे मात्र कूलरने उडवलेल्या पानाला तो मान देत नाहीत. हा भेद कोणत्या तत्त्वावर, ते विचारू नये.

नागपुरातली प्रथा

भविष्य विचारण्याच्या जुन्या वाटा इथे शाबूत आहेत. लग्न ठरवायचे तर पत्रिका घेऊन जोशीबुवांकडेच जातात. रस्त्याकडेच्या पोपटवाल्याकडे पाकिटातल्या चिठ्ठीवर मजकूर छापलेला असतो, त्यामुळे दिशेची भानगड नसते. (देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हा वेगळा भाग.) टॅरो आला तो मुख्यतः धरमपेठ, रामदासपेठ, सदर या भागांतून आणि नंतर व्हॉट्सॲपवरून. फोनवरच्या रीडिंगमध्ये वाचक मांडणीचा फोटो पाठवतो. तो बघणाऱ्याने फोन फिरवला की फोटोही फिरतो, आणि ‘ताई, तुम्ही उलटा म्हणाल्या, मला तर सरळ दिसून राहिला’ असा वाद होतो.

टॅरोत जन्मवेळ लागत नाही, म्हणून जिथे पत्रिका नाही किंवा घरच्यांना कळू द्यायचे नाही, तिथे तो चालतो. प्रश्न नेहमीचेच : एमपीएससी निघेल का, मिहान या उद्योगक्षेत्रात नोकरी लागेल का, पुण्याला जाऊ का, महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्याच्या वाटण्या कधी होणार. वाड्याच्या प्रश्नाला नाण्यांची दश्शी आली तर वाचणारा सावरून बसतो. त्या पानावर म्हातारा, दोन कुत्री, कमान, बाईमाणूस आणि मूल असे भरले घर आहे. उलटे आले की अडथळ्याच्या नियमाने वाटणी अडली. आत वळण्याच्या नियमाने भावांच्या मनात वाटणी कधीच झाली, कागद तेवढे राहिले.

पुण्याच्या नोकरीबद्दल विचारणाऱ्या मुलीसाठी सद्यस्थिती, अडसर, दिशा अशी तीन पाने मांडली असे धरू. पहिल्या जागी नाण्यांची अठ्ठी सुलटी : बाकावर बसून नाणे कोरणारा कारागीर, म्हणजे काम येते, हात बसलेला आहे. तिसऱ्या जागी पेल्यांची छक्की सुलटी : अंगणात फुलांनी भरलेला पेला देणारी मुले, म्हणजे घर, लहानपण. मधे अडसराच्या जागी काठ्यांची दुर्री उलटी : तटावर उभा राहून हातात पृथ्वीगोल घेतलेला माणूस. आता अडसराच्या जागी उलटे पान म्हणजे अडसर वाढला की ढिला झाला? इथे वाचकांत खरोखर दोन तट आहेत. अडथळ्याचा नियम लावणारा म्हणेल, निघायचे पाऊलच अडले आहे. सुटकेचा नियम लावणारा म्हणेल, अडसर सुटत आला. आत वळण्याचा नियम लावणारी ताई बहुधा अर्थ सांगणारच नाही, ती विचारेल : ‘जायचं तू ठरवलंच आहेस ना बेटा? घरी सांगायचं राहिलं आहे का?’ पोरगी गप्प झाली की बैठक जमली. पत्त्यांतले कौशल्य किती आणि माणूस ओळखण्यातले किती, याचा अंदाज अशा वेळी येतो.

टीका आणि कायदा

सुलट्या-उलट्यामुळे ७८ पानांचे १५६ अर्थ होतात आणि कुठल्याही माणसाला काही ना काही लागू पडते, हा मुख्य आक्षेप. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे व्यक्तिचित्र’ म्हणून एकच मजकूर वाटला. त्यांनी अचूकतेला पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. हा प्रयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. उलट्या पानाने टीकाकारांचे काम आणखी सोपे होते : सुलटे पान चुकले तर ‘ऊर्जा अडली होती’ म्हणता येते.

प्रा. श्याम मानव यांच्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे मूळ नागपुरातच, आणि जादूटोणाविरोधी विधेयक विधिमंडळात मंजूर झाले तेही इथल्याच हिवाळी अधिवेशनात, डिसेंबर २०१३ मध्ये. त्या कायद्याने जोशी-ज्योतिषांचा सल्ला आणि वास्तुशास्त्राचा सल्ला स्पष्टपणे वगळला आहे. टॅरोचे नाव त्यात नाही. नुसते ‘टॉवर उलटा आला, जपून राहा’ म्हटल्याने कुणी त्याच्या कचाट्यात येत नाही. अमानवी शक्ती अंगात असल्याचा दावा करून, दहशत घालून पैसे उकळणे हा मात्र त्यात गुन्हा आहे. म्हणूनच उलट्या पानावर तोडगा विकणाऱ्यांपासून बरेच वाचक स्वतःला वेगळे काढतात आणि बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून टाकतात की इथे अंगठी, धागा, पूजा काही मिळणार नाही. काही जण तर गिऱ्हाईक फार घाबरट दिसले की पिसण्याआधी सगळी पाने सुलटी लावून घेतात आणि ती बैठक उलट्याशिवायच करतात.