इपॉक्सी वाळत नाही, विणलं जातं

माझा भाचा गोव्यात छोटी कॅटामरान चालवायला शिकतो. मे महिन्यात तो नागपूरला आला, ते खडकावर आपटून भोक पडलेल्या हलचे फोटो आणि सरावासाठी फायबरचा एक जुना तुकडा घेऊनच. हल म्हणजे नौकेचं पाण्यात बसणारं पोकळ अंग. कॅटामरानला अशी दोन असतात. भर दुपारी गच्चीवर त्याने श्रीखंडाच्या डब्यात इपॉक्सी कालवलं. इपॉक्सी म्हणजे रेझिन (राळेसारखा चिकट द्रव) आणि हार्डनर असे दोन भाग मिसळले की कडक होणारा गोंद. थोड्याच वेळात डबा वाकला, धूर निघाला.

"मामा, लवकर वाळावं म्हणून हार्डनर जरा जास्तच टाकलं."

घोटाळा 'वाळणं' या शब्दातच आहे. रंग वाळतो, कारण त्यातलं द्रावक उडून जातं. इपॉक्सीतून काहीच उडून जात नाही. त्याच्या रेणूंच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांची त्रिकोणी कडी असते. कार्बनच्या बंधांना साधारण १०९ अंशांचा कोन मानवतो. इथे त्यांना ६० अंशांच्या आसपास कोंबलेलं असतं. त्यामुळे ही कडी उघडायला टपलेलीच असते. हार्डनरमधल्या अमाइनचा, म्हणजे नायट्रोजन असलेल्या संयुगाचा, नायट्रोजन कडीच्या कार्बनला धरतो, कडी उघडते, नवा बंध तयार होतो. नायट्रोजनवरच्या एका हायड्रोजनमागे एक कडी, असा हा चोख हिशेब. हार्डनरच्या एकेका रेणूवर असे चार, पाच, सहा हायड्रोजन असतात, म्हणून रेणू चहूबाजूंनी बांधले जातात आणि सगळा गोळा एकच अवाढव्य जाळं होऊन बसतो. हार्डनर जास्त झालं, तर जोडीदार न मिळालेले अमाइन उरतात आणि जाळं विरळ पडतं. पॉलिएस्टर रेझिनची गोष्ट निराळी. तिथे १-२ टक्के उत्प्रेरक साखळी-अभिक्रिया सुरू करतो आणि तो थोडा वाढवला की वेग खरंच वाढतो. जास्त हार्डनर म्हणजे लवकर काम, हा गैरसमज बहुधा तिथूनच आला असावा.

मग धूर? कड्या उघडताना उष्णता बाहेर पडते. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग अंदाजे दुप्पट होतो, म्हणजे २५ ऐवजी ४५ अंशांत चौपट. खोल डब्यातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते, म्हणून अभिक्रिया स्वतःलाच भडकवत जाते. पसरट ट्रेमध्ये हे टळतं. 'पाच मिनिटांत कायमचा जोड' या जाहिरातींना पाण्याखालच्या कामात तरी भुलू नका; झटपट इपॉक्सी सहसा कमजोर असतं आणि पाण्यालाही कमी टिकतं.

भोकाच्या कडा १ ला १२ या उताराने घासायच्या. म्हणजे ५ मिमी जाडीला ६० मिमी रुंद उतार. मगच इपॉक्सीत भिजवलेल्या काचकापडाचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाचे, थर द्यायचे. हल पॉलिइथिलीनची असेल, तर हा खटाटोप व्यर्थ. त्या प्लास्टिकला इपॉक्सी नीट धरतच नाही, ते वितळवूनच सांधावं लागतं.

हलसारखीच शिडाचीही डागडुजी करावी लागते. त्याचं कापड, डेक्रॉन, म्हणजे पाण्याच्या बाटलीचंच पॉलिएस्टर. उन्हात बहुतेकदा आधी शिवणीचा दोरा कुजतो. शिवण नागमोडी घालावी, म्हणजे कापड ताणलं तरी दोरा तुटत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला भाच्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही भाग तोलले, हातमोजे घातले, पसरट ताटलीत ते कालवलं आणि ठिगळ लावलं. चोवीस तासांनी त्याने ठिगळावर नाणं वाजवलं. कडेपर्यंत एकच टणक आवाज आला, पोकळ कुठेच नाही.