गावठाण वाहिनी विलगीकरण

गावातील घरे, दुकाने, पिठाची गिरणी, शाळा व नळपाणी योजना यांना एका उच्चदाब वाहिनीवरून आणि शिवारातील शेतीपंपांना दुसऱ्या वाहिनीवरून, उपकेंद्रापासूनच वेगळी वीज देण्याची पद्धत. वाहिनीला बोलण्यात ‘फीडर’च म्हणतात. त्यामुळे ‘गावठाण फीडर’ आणि ‘एजी फीडर’ (एजी म्हणजे ॲग्रिकल्चर, शेती) हे शब्द रूढ झाले आहेत.

३३/११ केव्ही उपकेंद्रातून निघालेली ११ केव्हीची (११,००० व्होल्टची) वाहिनी पूर्वी वाटेत येईल ते सगळे पोटात घेत जाई : दोन-चार गावे, त्यांच्या वाड्या आणि मधल्या विहिरींवरच्या मोटारी. शेतीला थ्री फेज वीज (तीन तारांतून येणारी, मोटारींना लागणारी) ठरावीक तासच द्यायची, तर अख्खी वाहिनी बंद करावी लागे आणि मोटारीबरोबर अंगणवाडीतला पंखाही थांबे. २००५ साली राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरण ‘महावितरण’कडे आले, तो काळ कडक भारनियमनाचा होता. विजेचा तुटवडा होताच. पण घर आणि विहीर एकाच तारेवर असल्यामुळे तो गावाला दुप्पट जाचला.

यावर आधी स्वस्तातले उपाय झाले. ‘सिंगल फेजिंग’मध्ये शेतीची वेळ संपली की घरगुती दिव्यांपुरता पुरवठा सुरू राही आणि मोटारी बंद राहाव्यात अशी अपेक्षा असे. शेतकऱ्यांनी कंडेन्सर लावून त्यावरही मोटारी फिरवल्या. मग दाब उतरे, बल्ब पिवळा पडे आणि कधी मोटारच जळे. ‘अक्षय प्रकाश योजना’ गावाच्या शब्दावर चाले : संध्याकाळी कोणी मोटार लावणार नाही अशी हमी गावाने द्यायची आणि त्या बदल्यात घरांची वीज टिकायची. खर्च जवळजवळ नाही, पण शिस्त सगळ्यांनी पाळली तरच. स्वतंत्र तार ओढणे महाग असले तरी ते कोणाच्या शब्दावर अवलंबून नसते. गुजरातने २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘ज्योतिग्राम योजने’त हेच केले आणि २००६ पर्यंत जवळपास सर्व गावांपर्यंत ते नेले. महाराष्ट्रातही विलगीकरण टप्प्याटप्प्याने झाले. केंद्राच्या ‘दीनदयाळ उपाध्याय ग्रामज्योती योजने’त (२०१४) वाहिनी विलगीकरण हा प्रमुख घटक होता.

विलगीकरणाने वेळापत्रकाचा प्रश्न सुटतो, बिघाडाचा नाही. बिघाड बहुधा रोहित्रावर, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘डीपी’वर होतो. १०० केव्हीएचे रोहित्र प्रत्येक फेजवर सुमारे १३३ अँपिअर प्रवाह देऊ शकते. ५ अश्वशक्तीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, म्हणून कागदावर पंधरा मोटारी आरामात बसतात. पण सुरू होताना मोटार क्षणभर पाच-सहा पट प्रवाह ओढते. बहुतेक मोटारींना ‘ऑटो स्विच’ जोडलेला असतो, कारण रात्री दोनला वीज आली तर उठून विहिरीवर कोण जाणार? वीज येताच पंधराच्या पंधरा मोटारी एकाच क्षणी उठतात आणि डिओ (रोहित्राचा ड्रॉपआउट फ्यूज) उडतो. तो उडू नये म्हणून कोणी फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असली, की रोहित्रच जाते. आकडे टाकून घेतलेल्या विजेचा भार वेगळाच. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगते. रात्रीची पाळी असेपर्यंत यातले पहिले कोणी ऐकेल असे वाटत नाही. ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलावे, असे वीज नियामक आयोगाचे मानक आहे. पाणी ताणलेल्या कांद्याला तेही लांब वाटतात.

शेतीच्या बाजूने दुसरा उपाय उच्चदाब वितरण प्रणालीचा (एचव्हीडीएस). ४४० व्होल्टची तार शिवारभर फिरवण्याऐवजी ११ केव्हीची तारच बांधापर्यंत न्यायची आणि एक-दोन पंपांना मिळून छोटे रोहित्र द्यायचे. दाब २५ पट म्हणजे तेवढ्याच शक्तीला प्रवाह पंचविसावा हिस्सा. त्यामुळे त्याच जाडीच्या तारेतील उष्णतेची हानी ६२५ पट कमी. शिवाय रोहित्र जळाले तर दोघांचीच मोटार थांबते, आणि ते आपले म्हणून सांभाळले जाते.

विलगीकरणाची झळ दोघांना बसली. शेतात घर बांधून राहणारी वस्ती गावठाणाच्या तारेपासून दूर, म्हणून ती एजी फीडरवरच राहिली. गावात टीव्ही चालू असताना मळ्यातल्या घरी अंधार, ही तक्रार अजून ऐकू येते. दुसरी झळ पाणी देणाऱ्याला. अनेक वर्षे थ्री फेज वीज दिवसा ८ किंवा रात्री १० तास अशी पाळीने मिळत आली. रात्रीच्या पाळीत उसाला दारे धरायचे म्हणजे बॅटरी, गमबूट आणि सापाची धास्ती, जुन्नरकडे बिबट्याचीही.

दिवसा वीज देण्यासाठी २०१७ पासून ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ सुरू झाली. उपकेंद्राच्या आसपास सौर प्रकल्प उभारून त्याची वीज थेट शेतीच्या वाहिनीला द्यायची. शेतीची वाहिनी आधी वेगळी झाली नसती, तर हे जमले नसते. २०२३ च्या सुधारित योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरले आहे. पाऊसपाण्याच्या दिवसांत, आभाळ भरून आले, की ही वाहिनी पूर्वीप्रमाणे ग्रिडवरच चालते.