गॅसिफिकेशन (कोळसा आणि कचऱ्यापासून इंधन)

गॅसिफिकेशन म्हणजे कोळसा, लाकूड, कचरा असली कुठलीही कार्बनवाली घन वस्तू पूर्ण न जाळता, मोजकाच ऑक्सिजन आणि वाफ देऊन तिचा जळाऊ गॅस करून घेणं. या गॅसला सिंथेसिस गॅस किंवा नुसतं सिनगॅस म्हणतात, त्यात मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतो, आणि तो एकदा हातात आला की पुढे त्याचं डिझेल करा, मिथेनॉल करा, युरियासाठी अमोनिया करा नाहीतर सरळ वीज करा. याच्या आजूबाजूला अजून दोन-तीन पद्धती आहेत, बंद भांड्यात हवेशिवाय तापवायची (पायरोलिसिस), हायड्रोजन दाबून घालायची, जिवाणूंकडून कुजवून घ्यायची, त्या सगळ्यांना लोक सरसकट 'कचऱ्यापासून इंधन' म्हणतात, पण आतलं काम वेगवेगळं आहे, म्हणून इथे सगळ्यांचंच थोडं थोडं येईल.

ज्यांनी घरात कोळशाची शेगडी पाहिलीय त्यांनी यातली मुख्य रिॲक्शन डोळ्यांनी पाहिलेली आहे. निखारे चांगले फुलले की वर निळसर ज्योती नाचायला लागतात, त्या कोळशाच्या नसतात. खालच्या थरात हवा कमी पडते, तिथे कोळसा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तो वर येतो आणि मोकळी हवा मिळाली की निळा जळतो. थंडीत दारंखिडक्या लावून शेगडी पेटती ठेवून माणसं झोपतात आणि सकाळी उठतच नाहीत ते याच गॅसमुळे, याला ना रंग ना वास. कारखान्यात फरक एवढाच की त्याला वर जळू देत नाहीत, पाइपातून काढून घेतात. आणि लालबुंद निखाऱ्यावरून वाफ नेली तर कार्बन पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा होतो, पण या रिॲक्शनला उष्णता लागते, भट्टी थंड पडत जाते, म्हणून थोडा कोळसा ऑक्सिजनने जाळत राहायचा आणि त्या धगीवर बाकीचा गॅस करायचा. वाफ किती आणि ऑक्सिजन किती हा तोल सांभाळणं, गॅसिफायर (गॅस करून देणारी ही भट्टी) चालवणं म्हणजे मुख्यतः हेच.

मग अडतं कुठे? एक तर हिशेबात. कोळशात दर कार्बन अणूमागे हायड्रोजन साधारण ०.८, पेट्रोल-डिझेलमध्ये २ च्या आसपास. म्हणजे कोळशाचं तेल करायचं तर बाहेरून हायड्रोजन घाला नाहीतर आतला कार्बन काढून टाका, आणि काढून टाकलेला कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊन चिमणीतूनच जातो. दुसरं म्हणजे तोंडातून आत काय घालताय यात. रसायनशास्त्र शंभर वर्षांपूर्वीच सुटलेलं आहे, बंद पडलेले बरेचसे प्लांट राखेने, ओलाव्याने, गंधकाने आणि मिक्स कचऱ्याने बंद पाडलेत.

गॅसबत्तीचा जमाना

सुरुवात तेलाने नाही, उजेडाने झाली. विल्यम मर्डॉकने १७९२ मध्ये इंग्लंडात कॉर्नवॉलमधल्या रेडरूथ गावी स्वतःचं घर कोळशाच्या गॅसने उजळवलं, १८१२ मध्ये लंडनला गॅस लाइट अँड कोक कंपनीला सनद मिळाली. आपल्याकडे कलकत्त्याला १८५७ मध्ये रस्त्यावर गॅसचे दिवे आले आणि मुंबईत १८६५ च्या ऑक्टोबरात. मुंबईचा गॅस बॉम्बे गॅस कंपनी करायची, लालबागला गॅस कंपनी लेन हे नाव अजून त्या कंपनीचंच आहे, तिथून जाणाऱ्या किती जणांना ते का पडलं हे माहीत असेल देव जाणे.

हा गॅस मात्र वर सांगितलेल्या पद्धतीचा नव्हे. इथे कोळसा बंद भांड्यात हवेशिवाय भाजायचे, त्यातून निम्म्याच्या आसपास हायड्रोजन, बाकी मिथेन आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड असा गॅस निघायचा, भांड्यात कोक (भाजून उरलेला कोळसा, बहुतेक कार्बनच) उरायचा आणि पाइपात डांबर साठायचं. सुरुवातीला या डांबराचं करायचं काय हा प्रश्नच होता, मग त्यातून रंग निघाले, औषधं निघाली, फिनॉल निघालं. कपाटात साड्यांच्या घडीत ठेवतात त्या पांढऱ्याशुभ्र गोळ्यांना मराठीत डांबराच्या गोळ्या का म्हणतात असा प्रश्न लहानपणी पडला असेल तर उत्तर हेच, नॅप्थॅलीन कोळशाच्या डांबरातून काढायचे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा महाराष्ट्रातल्या खासगी मोटारगाड्याही कोळशावर धावल्या (एसटी १९४८ ची, म्हणजे ती नंतर आली). गाडीच्या मागे उभा पिंप, त्यात लाकडी कोळसा, क्लिनरने पंखा फिरवून फिरवून आधी तो फुलवायचा, गॅस नीट यायला लागला की मग इंजिन सुरू. जुन्या लोकांच्या आठवणीत ही गाडी हमखास असते आणि आठवणीत पुढे घाट पण हमखास असतो, कारण या गॅसमध्ये हवेतला नायट्रोजन निम्म्याच्या आसपास असल्याने इंजिनची ताकद बरीच कमी व्हायची, मग पॅसेंजर खाली उतरून चालत नाहीतर ढकलत. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन दिला तर हा नायट्रोजन येत नाही, म्हणून मोठ्या कारखान्यात गॅसिफायरच्या शेजारी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा अख्खा दुसरा प्लांट असतो, आणि खर्चाचा मोठा वाटा तोच खातो.

कोळशाचं तेल: जर्मनी आणि दक्षिण आफ्रिका

तेल करायच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही जर्मनीतल्या. फ्रीडरिश बर्गियसने १९१३ मध्ये पेटंट घेतलेली वाट थेट आहे, कोळशाची पूड तेलात कालवायची आणि प्रचंड दाबाखाली हायड्रोजन घालायचा. याच उच्च दाबाच्या कामासाठी त्याला कार्ल बॉशबरोबर १९३१ चं नोबेल मिळालं. दुसरी वाट फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांची, म्युलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेतली, १९२५ ची: आधी कोळशाचा सिनगॅस करायचा, तो धुऊन पुसून स्वच्छ करायचा आणि लोखंड किंवा कोबाल्टच्या कॅटॅलिस्टवरून (स्वतः न संपता रिॲक्शन घडवून आणणारा पदार्थ) साधारण २०० ते ३५० अंशाला न्यायचा, की कार्बनच्या साखळ्या एकाला एक जोडत जातात, मिथेनपासून मेणापर्यंत सगळं एकदम निघतं आणि त्यातून डिझेल वेगळं काढायचं. धुऊन पुसून म्हटलं ते उगीच नाही, गंधकाचा अंश जरी राहिला तरी कॅटॅलिस्ट मरतो.

हिटलरच्या जर्मनीकडे तेल नव्हतं, कोळसा रग्गड होता. युद्धात बर्गियस पद्धतीचे १२ आणि फिशर-ट्रॉप्शचे ९ कारखाने चालू होते आणि विमानांचं पेट्रोल बहुतेक सगळं बर्गियसच्या कारखान्यांतून यायचं. आउशवित्झला लागून मोनोविट्झ इथे आयजी फार्बेन या जर्मन रसायन कंपनीने कृत्रिम रबर आणि इंधनाचा कारखाना छळछावणीतल्या कैद्यांकडून बांधून घेतला, या तंत्राच्या इतिहासात हे पण लिहायला पाहिजे. १२ मे १९४४ पासून दोस्तांची विमानं लॉयनासारख्या या कारखान्यांवरच बॉम्ब टाकायला लागली आणि काही महिन्यांत जर्मन विमानदळाला उडायला पेट्रोल उरलं नाही.

युद्धानंतर अरबस्तानातलं तेल इतकं स्वस्त झालं की कोळशाचं तेल करणं म्हणजे वेडेपणा, फक्त दक्षिण आफ्रिकेने तो केला. सासोल ही सरकारी कंपनी १९५० ला निघाली, सासोलबर्गला १९५५ मध्ये पहिलं तेल आलं. पुढे वर्णद्वेषामुळे जगाने तेल द्यायचं थांबवत आणलं, इराणचा शहा देत होता तो १९७९ च्या क्रांतीत गेला, आणि सेकुंडाला दोन अवाढव्य प्लांट १९८० च्या सुमारास उभे राहिले. तिथे ऐंशीच्या वर गॅसिफायर आहेत आणि क्षमता दिवसाला दीड लाख बॅरलच्या आसपास. १ जून १९८० ला आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र गटाने या कारखान्यांवर हल्ला करून तेलाच्या टाक्या पेटवल्या, त्यांनी लक्ष्य नेमकं निवडलं होतं. वर्णद्वेष गेला, प्लांट राहिले. आज सेकुंडा हे जगातल्या एका जागेवरून सगळ्यात जास्त हरितगृह वायू सोडणाऱ्या ठिकाणांत धरतात, वर्षाला ५ कोटी टनांच्या वर, वर म्हटलेला तो जास्तीचा कार्बन तो हाच. सासोलबर्गने २००४ मध्ये कोळसा सोडून मोझांबिकचा नैसर्गिक वायू घेतला.

सध्या यात सगळ्यात पुढे चीन आहे, निंग्शियात २०१६ ला सुरू झालेला प्लांट वर्षाला ४० लाख टन इंधनाचा आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटातला १९८४ चा प्लांट कोळशापासून पाइपलाइनचा गॅस करतो आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड २००० पासून कॅनडातल्या तेलविहिरीत दाबतो.

भारतातला कोळसा आणि त्यातली राख

आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के. म्हणजे एक टन कोळसा भट्टीत गेला की त्यात साडेतीनशे-चारशे किलो नुसती माती-दगड, तो खणायचा, वाघिणीतून आणायचा, हजार अंशाच्या वर तापवायचा आणि मग टाकून द्यायचा. बाहेरच्या देशातले गॅसिफायर कमी राखेच्या कोळशासाठी बनलेले, त्यातल्या काहींत राख वितळून काचेसारखी खाली वाहून जावी अशी रचना असते, आपली राख सहजी वितळत नाही.

खत महामंडळाने तालचेर (ओडिशा) आणि रामागुंडम (आता तेलंगणा, गोदावरीकाठी, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीपासून फार लांब नाही) इथे कोळशापासून युरियाचे दोन कारखाने काढले, १९८० मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि तंत्र जमेना, वीज टिकेना करत १९९९ मध्ये दोन्हींना कुलूप लागलं. पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. रामागुंडमचा कारखाना २०२१ मध्ये परत सुरू झाला पण नैसर्गिक वायूवर. तालचेरला मात्र कोळशावरच नवा प्लांट बांधायला घेतला, त्यात चेंबूरच्या आरसीएफ या सरकारी खत कंपनीचा पण हिस्सा आहे, आणि राखेवर तोडगा म्हणून कोळशात पेटकोक (रिफायनरीत तेलाच्या गाळापासून उरणारा कोळशासारखा पदार्थ) मिसळायचं ठरलं. पेटकोकमध्ये राख जवळपास नसतेच, फक्त गंधक भरपूर, म्हणजे एक दुखणं काढून दुसरं घेतलं, पण गंधक निदान गॅसमधून धुता येतं.

काही गोष्टी जमल्यात पण. ओडिशात अंगुलला जिंदालचा प्लांट देशी कोळशाचा गॅस करून त्यावर स्पंज आयर्न (पोलादासाठीचं सच्छिद्र कच्चं लोखंड) बनवतो. हैदराबादला भेल या सरकारी कंपनीने जास्त राखेच्या कोळशापासून मिथेनॉल करून दाखवलं, पण दिवसाला ०.२५ टन, म्हणजे प्रयोगशाळेच्या जरासं पुढे. सरकारने २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाच्या गॅसिफिकेशनचं टार्गेट ठेवलंय आणि जानेवारी २०२४ मध्ये ८५०० कोटींची मदत मंजूर केली. टार्गेट मोठं आहे, आपण एवढंच म्हणू.

कचरा

कोळशात राख तरी ठरलेली असते, कचऱ्यात रोज वेगळं. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये कचरा जाळून वीज करायचा प्लांट आला आणि जेमतेम तीन आठवडे चालला, कारण कचरा पेटेचना. आपल्या घंटागाडीत काय असतं ते बघा: भाजीची देठं, कालचा भात, नारळाच्या करवंट्या, झाडलोटीची माती, आणि निम्मं पाणी. कागद, पुठ्ठा, बाटल्या, म्हणजे जे खरं जळतं, ते भंगारवाल्याने आधीच उचललेलं असतं. युरोपातल्या कचऱ्यासाठी बनवलेली मशीन या मालाला काय करणार. पण नुसतं आपल्यालाच नावं ठेवायला नको, अमेरिकेत नेवाडात फुलक्रम कंपनीने कचऱ्यापासून विमानाचं तेल करायचा मोठा प्लांट २०२२ मध्ये सुरू केला, २०२४ मध्ये तो बंद आणि कंपनी दिवाळखोरीत.

ओल्या कचऱ्याला भट्टी नकोच, तो कुजवून बायोगॅस करायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड काढला की सीएनजीसारखा गॅस मिळतो. इंदूरचा २०२२ चा प्लांट दिवसाला ५५० टन ओला कचरा घेतो आणि तो चालतो कारण इंदूरमध्ये कचरा घरातच वेगळा होतो. आपल्याकडे साखर कारखाने प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) हेच करायला लागलेत. सुका, न विकला जाणारा कचरा वाळवून तुकडे करून सिमेंटच्या भट्ट्यांना देतात. २०१६ च्या घनकचरा नियमात असंही होतं की असं इंधन बनवणाऱ्या प्लांटपासून १०० किलोमीटरच्या आतल्या कारखान्यांनी किमान ५ टक्के इंधन त्यातलं वापरावं.

प्लास्टिक आणि टायर यांना पायरोलिसिस, बंद रिॲक्टरमध्ये हवेशिवाय तापवायचं, वाफ थंड केली की तेल. डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेत एक टन प्लास्टिकपासून ८०० लिटरपर्यंत डिझेल काढणारा प्लांट २०१९ मध्ये बसवला. पीव्हीसी यात चालत नाही, त्यातलं क्लोरीन ॲसिड होऊन पाइप खातं. टायरचं काम पालघरमध्ये वाड्याच्या बाजूला बरंच चालतं, टायरच्या वजनाच्या साधारण ४० टक्के तेल, एक तृतीयांश काळी पूड, बाकी तार आणि गॅस. कागदावर हा झकास धंदा आहे, प्रत्यक्षात रिॲक्टर पुरता थंड व्हायच्या आत झाकण उघडलं की आतल्या गॅसला हवा मिळते आणि भडका उडतो, आणि ती बारीक काळी पूड काढणारा कामगार बऱ्याचदा तोंडाला फडकं बांधून आत उतरलेला असतो.

या सगळ्यात सगळ्यात साधी, आणि खरं तर यात न मोडणारी गोष्ट म्हणजे पांढरा कोळसा. नाव कोळसा असलं तरी त्यात कोळसा औषधालाही नाही, विदर्भ-मराठवाड्यातल्या पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचं कुटार दळून मशीनमध्ये जोरात दाबायचं, त्यातलं लिग्निन (काडीला कडकपणा देणारा घटक) दाबताना होणाऱ्या उष्णतेने मऊ होऊन स्वतःच डिंकाचं काम करतं आणि मनगटाएवढी कांडी बाहेर येते, बॉयलरला चालते. अट एकच, माल सुका पाहिजे, ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या वर गेला की कांडी फुटते. म्हणून युनिटवाले उन्हाळ्यातच पऱ्हाट्यांच्या गंजी रचून ताडपत्री टाकून ठेवतात, आणि ताडपत्री फाटकी निघाली तर पावसाळाभर मशीन बंद.