एनएफएस आणि एसएमबी गेटवे (वितरित साठवण)

अनेक यंत्रांच्या डिस्कांवर विखुरलेली साठवण एनएफएस किंवा एसएमबी या रूढ नेटवर्क-फाइल प्रोटोकॉलांतून साध्या संगणकांना वापरता यावी, म्हणून मध्ये बसवलेल्या सर्व्हरला गेटवे म्हणतात. सेफ, ग्लस्टर, एचडीएफएस अशा वितरित साठवण प्रणालींशी थेट बोलायचे, तर प्रत्येक संगणकावर त्या त्या प्रणालीचे क्लायंट सॉफ्टवेअर बसवावे लागते. कचेरीतला विंडोजवरचा संगणक, कोपऱ्यातला स्कॅनर किंवा कोणी हात लावायला धजत नाही असा जुना युनिक्स सर्व्हर यांच्यावर ते बसवणे बहुधा शक्य नसते. एनएफएस किंवा एसएमबी मात्र त्यांना आधीपासून येत असते. गेटवे हा या दोन पक्षांमधला दुभाष्या होय. भाषांतराचे काम तसे सोपे आहे. अवघड भाग वेगळाच आहे: पलीकडे एकच सर्व्हर उभा आहे असे हे दोन्ही प्रोटोकॉल धरून चालतात, आणि प्रत्यक्षात तिथे यंत्रांचा जथा असतो.

हे गृहीतक प्रोटोकॉलांच्या जन्मापासूनचे आहे. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये आणला. त्याची तिसरी आवृत्ती १९९५ मध्ये प्रमाणित झाली आणि ती आजही सर्रास वापरात आहे. एसएमबीचा उगम १९८०च्या दशकात आयबीएममध्ये झाला, पुढे मायक्रोसॉफ्टने तो वाढवला, आणि ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी सांबा हे सॉफ्टवेअर लिहून तो युनिक्सवर आणला. त्या काळी फाइल सर्व्हर म्हणजे एका खोलीतले एक यंत्र. ते बंद पडले की सगळ्यांचे काम थांबे, आणि ते सुरू झाले की जिथे थांबले तिथून पुढे चाले.

गेटवेच्या मागे काय असते हे सेफच्या उदाहरणावरून नीट दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत सेज वाइल यांच्या संशोधनातून ही प्रणाली उभी राहिली आणि तिच्यावरचा मूळ निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचे नाव सेफलोपॉड या, ऑक्टोपस ज्यात मोडतो त्या, प्राणिवर्गावरून घेतले आहे. आठ हातांनी एकाच वेळी काम करणारा प्राणी, म्हणून ते शोभतेही. सेफच्या फाइल प्रणालीत एक फाइल ठेवली, की तिचे सहसा ४ मेगाबाइटचे तुकडे पडतात. १ गिगाबाइटची फाइल असेल तर २५६ तुकडे, आणि प्रत्येकाच्या नेहमीप्रमाणे ३ प्रती धरल्या तर ७६८ वस्तू क्लस्टरभर, म्हणजे यंत्रांच्या त्या जथ्याभर, पांगतात. प्रत्येक तुकड्याचे नाव म्हणजे फाइलचा आयनोड क्रमांक (फाइल प्रणालीने तिला दिलेला ओळख-क्रमांक) आणि त्यापुढे तुकड्याचा क्रमांक. कोणता तुकडा कोणत्या डिस्कवर आहे याची मोठी वही कुठेच ठेवलेली नसते. क्रश नावाच्या गणिताने प्रत्येक क्लायंट ते ठिकाण स्वतःच काढतो. फाइलींची नावे, हक्क आणि कोणी काय उघडले आहे याची नोंद मेटाडेटा सर्व्हर ठेवतो.

सेफचा स्वतःचा क्लायंट हे गणित जाणतो, त्यामुळे तो एकाच वेळी अनेक डिस्कांशी थेट बोलतो. एनएफएसचा क्लायंट फक्त एका पत्त्याशी बोलतो. म्हणून सारी वाहतूक गेटवेच्या नेटवर्क कार्डातून जाते. १० गिगाबिटचे कार्ड असेल तर मागे शंभर डिस्का असोत की हजार, त्या एका गेटवेतून सेकंदाला सव्वा गिगाबाइटपेक्षा अधिक काही निघणार नाही. त्यातल्या त्यात दिलासा इतकाच, की तीन प्रती करण्याचा भार गेटवेवर पडत नाही. तो तुकडा एकदाच मुख्य डिस्क-प्रक्रियेकडे, म्हणजे त्या तुकड्याची पहिली डिस्क सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे, पाठवतो आणि उरलेल्या प्रती ती आतल्या नेटवर्कवरून करून घेते.

सेफपुढे बसवण्यासाठी आज सर्वाधिक वापरला जाणारा एनएफएस सर्व्हर म्हणजे एनएफएस-गणेशा. मराठी वाचकाला या नावाचे कौतुक वाटेल. पण तो घडला फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगात, तिथल्या महासंगणन केंद्राच्या गरजेतून, आणि २००७ मध्ये मुक्त स्रोत म्हणून बाहेर आला. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, स्वतःचा एनएफएस सर्व्हर असतानाही गणेशा कर्नेलबाहेर, साध्या प्रक्रियेसारखा चालतो. साठवणीशी बोलणारा त्याचा थर सुटा ठेवलेला आहे. त्यामुळे त्याच सर्व्हरला सेफ, ग्लस्टर किंवा सेफची वस्तु-साठवण (फाइल अख्खी एक वस्तू म्हणून नावाने ठेवणारी सोय) यांपैकी काहीही जोडता येते, आणि तो कोलमडला तरी त्याच्यासोबत अख्खे यंत्र जात नाही.

गेटवेची खरी कसोटी तो मरतो तेव्हा लागते. एकच गेटवे ठेवला, तर प्रत्येक तुकड्याच्या तीन-तीन प्रती असूनही सगळी साठवण एका यंत्राच्या जिवावर येते. म्हणून दोन किंवा अधिक गेटवे लावतात आणि एक तरंगता आयपी पत्ता त्यांच्यात फिरता ठेवतात. पत्ता हलवणे हे काही सेकंदांचे काम आहे. पत्त्यामागची स्मृती हलवणे तितके सरळ नाही. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हर मुळात विसराळू असतो: क्लायंट प्रत्येक वेळी फाइलची खूण, म्हणजे फाइल हँडल, पुढे करतो आणि सर्व्हर ती पाहून काम करतो. ही खूण दोन्ही गेटवेंना सारखीच वाचता आली पाहिजे, नाहीतर क्लायंटच्या पडद्यावर ‘स्टेल फाइल हँडल’ हा कुप्रसिद्ध संदेश उमटतो. सेफमध्ये आयनोड क्रमांक सगळ्या क्लस्टरभर एकच असल्यामुळे ही अडचण बरीचशी टळते.

चौथी आवृत्ती मात्र स्मरणशील आहे. कोणी कोणती फाइल उघडली, कोणी कुलूप घातले (म्हणजे दुसऱ्याने ती त्याच वेळी बदलू नये म्हणून अडवून ठेवली), याची नोंद तिथे सर्व्हर ठेवतो आणि क्लायंट ठराविक मुदतीने तिचे नूतनीकरण करतो. सर्व्हर पुन्हा उठला, की तो आधी सवलतीचा काळ जाहीर करतो. गणेशात तो मुळात ९० सेकंदांचा असतो. या काळात जुन्या क्लायंटनी आपापली कुलपे परत मागून घ्यायची आणि नवे कुलूप कोणालाही द्यायचे नाही, असा नियम आहे. मागून घ्यायला कोण पात्र आहे ही यादी मेलेल्या यंत्राच्या डिस्कवर असून उपयोग नाही, म्हणून ती सेफच्याच पोटात ठेवली जाते. अनेक गेटवे एकाच वेळी चालू असतील, तर एक उठताना बाकीच्यांनाही सवलतीच्या काळात जावे लागते. नाहीतर एकाकडून परत मागितले जाणारे कुलूप दुसऱ्याने तिऱ्हाइताला देऊन टाकलेले असायचे. शिवाय मेटाडेटा सर्व्हरच्या लेखी मेलेला गेटवे काही काळ जिवंतच असतो आणि त्याने धरलेले हक्क अडकून राहतात. म्हणून नव्याने उठलेला गणेशा आपल्याच आधीच्या अवताराची ओळख सांगून ते जुने सत्र आधी बंद करायला लावतो. वापरणाऱ्याला यातले काही दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच, की सेव्ह करताना पडदा दीडेक मिनिट गोठला आणि मग काम आपोआप पुढे सरकले. ज्या व्यवस्थापकाने हे आधी सांगून ठेवलेले नसते, त्याचा फोन त्या दीड मिनिटात थांबत नाही.

एसएमबीच्या बाजूला हेच काम सांबा आणि त्याच्या जोडीचे सीटीडीबी करतात. सीटीडीबी सांबाच्या उघड्या फाइली आणि कुलपे यांची नोंदवही सर्व यंत्रांत एकसारखी ठेवते आणि पत्तेही हलवते. पत्ता नव्या यंत्रावर आला, की ते जुन्या जोडणीच्या नावाने क्लायंटला मुद्दाम चुकीच्या क्रमांकाचे एक टीसीपी पाकीट धाडते. क्लायंट खरा क्रमांक सांगणारे उत्तर देतो, नवे यंत्र ‘अशी जोडणी माझ्याकडे नाही’ म्हणून ती तोडते, आणि क्लायंट लगेच नव्याने जोडून घेतो. याला ‘टिकल’ म्हणतात. ही गुदगुली केली नाही, तर क्लायंट मेलेल्या जोडणीची वाट पाहत बराच वेळ बसून राहू शकतो.

एकच फोल्डर दोन्ही प्रोटोकॉलांतून वाटणे हा मोहाचा, पण जपून करण्याचा प्रकार आहे. विंडोजचे कुलूप सक्तीचे असते आणि युनिक्सचे बहुधा सल्ल्यापुरते. परवानग्यांच्या याद्याही दोन्हीकडे एकास एक जुळत नाहीत. नावांचा प्रश्न तर मराठी फाइलींना थेट भिडतो. ‘वऱ्हाड’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतानेही लिहिता येतो, आणि ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही. पहिला ३ बाइटांचा, दुसरा ६ बाइटांचा. पडद्यावर दोन्ही एकच. ॲपलची जुनी एचएफएस प्लस प्रणाली नावे विघटित, म्हणजे दोन संकेतांच्या, रूपात ठेवत असे, तर लिनक्सच्या बाजूला नाव म्हणजे नुसते बाइट. दोन ठिकाणांहून आलेली दोन रूपे क्लस्टरवर पोहोचली, की एकाच फोल्डरात ‘वऱ्हाड’ नावाच्या दोन फाइली सुखाने शेजारी नांदतात, आणि शोधणाऱ्याला त्यातली नेमकी नको ती सापडते. नावाची कमाल लांबी २५५ बाइट असल्याने देवनागरीत ती ८५ संकेतांवरच संपते, आणि मात्रा व अनुस्वार हेही त्यात मोजले जातात. सेफच्या अलीकडच्या आवृत्तीत नावांचे प्रमाणीकरण, म्हणजे सगळी नावे एकाच रूपात आणणे, फोल्डरापुरते ठरवून देण्याची सोय आली आहे.

सगळ्याच वितरित प्रणाली गेटवेला सारख्या मानवत नाहीत. एचडीएफएसमध्ये फाइलीच्या शेवटी भर घालता येते, मधला मजकूर बदलता येत नाही. उलट एनएफएसचा क्लायंट लेखन मागेपुढे करून पाठवतो. म्हणून तिचा गेटवे क्रम चुकलेले तुकडे आपल्या तात्पुरत्या फोल्डरात साठवून, क्रम लागला की पुढे सरकवतो. वस्तु-साठवणीवरच्या गेटवेचीही फाइल आरंभापासून शेवटपर्यंत ओळीने लिहिली जावी अशीच अट असते. अशा ठिकाणी फाइली नेऊन ठेवणे ठीक, पण डेटाबेस किंवा आभासी यंत्राची डिस्क ठेवणे चूक.

सुरक्षेच्या बाबतीत गेटवेचा एक फायदा निर्विवाद आहे: क्लस्टरच्या किल्ल्या फक्त गेटवेवर राहतात आणि साध्या संगणकांना डिस्कांच्या नेटवर्कपर्यंत पोहोचावेच लागत नाही. मात्र एनएफएसची साधी ओळखपद्धत क्लायंटने सांगितलेल्या वापरकर्ता-क्रमांकावर विश्वास ठेवते आणि सोबत जास्तीत जास्त १६ गटच पाठवू शकते. सतराव्या गटातल्या कर्मचाऱ्याला हक्क असूनही फाइल उघडत नाही, ही तक्रार त्यातून येते. यावर उपाय म्हणून गटांची यादी क्लायंटकडून न घेता गेटवेनेच संस्थेच्या वापरकर्ता-निर्देशिकेतून काढावी असे ठरवता येते, आणि ओळखीचीच खात्री हवी असेल तर कर्बेरॉस हा ओळख पडताळणारा प्रोटोकॉल लावावा लागतो.