बाटली फिरवून वाचा

अमेरिकेहून कुणी आलं की बॅगेतून बदाम, चॉकलेटं आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची एक भलीमोठी बाटली निघते. ‘बाबांच्या हार्टला चांगलं.’ पुढे ठळक अक्षरांत १००० मिग्रॅ. मागची बारीक अक्षरं वाचली तर बहुतेक साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं ओमेगा-३ (माशाच्या तेलातली हृदयाला चांगली मानली जाणारी स्निग्धाम्लं; ईपीए आणि डीएचए ही त्यातलीच दोन) जेमतेम ३०० मिग्रॅ. उरलेलं नुसतं तेल.

व्हायटल या अमेरिकेतल्या चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षं रोज ८४० मिग्रॅ ओमेगा-३ दिलं, घरच्या कॅप्सूलच्या जवळजवळ तिप्पट. २०१८ मध्ये निकाल आला: हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू एकत्र मोजले, तर डमी गोळीवाल्यांपेक्षा लक्षणीय फरक नाही.

मग माशाच्या तेलाने हृदयविकाराचा ‘२५ टक्के धोका कमी’ होतो, ही बातमी कुठली? तीही २०१८ चीच, रिड्यूस-इट चाचणीची. पण तिथे रोज ४ ग्रॅम शुद्ध केलेलं ईपीए होतं, डॉक्टरांनी लिहून द्यायचं औषध. आणि रुग्ण स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या) घेणारे, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढलेले. शिवाय डमी कॅप्सूलमध्ये भरलं होतं खनिज तेल. त्या गटाचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल चाचणीदरम्यान वाढलं, शरीरातला दाह दाखवणारं सीआरपीही वाढलं. मग औषधाने फायदा झाला, की समोरच्या गटाची तब्येत थोडी बिघडल्याने फायदा मोठा दिसला? यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. स्ट्रेंथ या दुसऱ्या चाचणीत डमी म्हणून मक्याचं तेल वापरलं; १३,०७८ रुग्ण, ४ ग्रॅमच, फक्त ईपीए-डीएचए एकत्र. फायद्याची शक्यता दिसेना म्हणून २०२० मध्ये ती आवरती घेतली. मला तरी ‘२५ टक्के’ हा आकडा जरा फुगलेला वाटतो.

एका गोष्टीवर मात्र रिड्यूस-इट आणि स्ट्रेंथ या दोन्ही चाचण्या जुळतात: एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं, ओमेगा-३ घेणाऱ्यांत जास्त आढळलं. रिड्यूस-इटमध्ये त्यासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागलेले ३.१ टक्के, डमी गटात २.१. रक्तस्रावही थोडा जास्त. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. पण तपासणीला गेल्यावर चालू गोळ्या सांगताना ही बाटली हमखास राहून जाते. ‘ते काय औषध आहे का?’

भारतात विकल्या जाणाऱ्या सप्लिमेंटच्या लेबलवर तसं छापावंच लागतं: औषधी वापरासाठी नाही.