किवू तळ्याकाठचं गिसेन्यी: खाली गॅस, वर ज्वालामुखी आणि मध्ये दाट वस्ती

आमच्या निफाडकडच्या मळ्यात विहिरीचा गाळ काढायचा असला की आजोबा आधी पेटता कंदील दोरीला बांधून खाली सोडायचे. कंदील विझला की कोणी उतरायचं नाही, मग झाडाची मोठी फांदी दोरीनं वरखाली करून आतली हवा हलवायची आणि परत कंदील सोडून बघायचं. विहिरीच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो, हवेपेक्षा साधारण दीडपट जड, वास नाही, रंग नाही, माणूस खाली वाकला की संपलाच.

रवांडा देशाच्या पश्चिम टोकाला, किवू तळ्याच्या उत्तर काठावर गिसेन्यी नावाचं गाव आहे, त्याच्याबद्दल वाचताना मला तो कंदीलच आठवला. त्या भागात, जास्त करून सीमेपलीकडच्या, काँगो देशातल्या गोमा शहराच्या बाजूला, सखल जागी हाच गॅस जमिनीतून वर येऊन डबक्यासारखा साचतो. तिथे त्याला माझुकू म्हणतात, म्हणजे वाईट वारा. रात्री वारा पडला की अशा खोलगट जागी शेळ्या मरतात, कधी लहान मुलं पण.

गिसेन्यी आणि गोमा म्हटलं तर एकच वस्ती आहे, मधून फक्त सीमा जाते. आफ्रिकेत राज्य करणाऱ्या युरोपियन देशांनी १९१० मध्ये ही रेघ पक्की केली, तेव्हा या बाजूला जर्मनी होती आणि त्या बाजूला बेल्जियम. आज इकडे रवांडा, तिकडे काँगो. सीमेवरच्या एका छोट्या नाक्यावरून रोज हजारो माणसं पायी ये-जा करतात, त्यात बायकाच जास्त, डोक्यावर बटाटे, भाजी, कोंबड्या घेऊन सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. आपल्या सुरगाण्याच्या लोकांना हे सांगायला नको, बाजार गुजरातेत आणि सातबारा महाराष्ट्रात हे त्यांचं रोजचंच आहे.

एवढी माणसं इथे का राहतात, याचं उत्तर मातीत आहे. गोमाच्या उत्तरेला न्यिरागोंगो हा जागता ज्वालामुखी, उंची जवळपास ३४७० मीटर. त्या रांगेची राख आणि लाव्हा झिजून झालेली माती भयंकर सुपीक, त्यात समुद्रसपाटीपासून साधारण १४६० मीटरवरचं तळं, हवा थंड, पाऊस भरपूर. गिसेन्यी ज्या रुबावू जिल्ह्यात येतं त्याचं क्षेत्रफळ जेमतेम ३८८ चौरस किलोमीटर आणि २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख ४६ हजारांच्या वर, म्हणजे एका चौरस किलोमीटरला १४०० माणसं. आपल्या नाशिक जिल्ह्यात २०११ ला हाच आकडा ३९३ होता. आणि हे तिथली शेतीची खेडी धरून बरं का.

काळी माती लाव्ह्याची देणगी हे आपल्याला नवीन नाही, आपली सगळी जमीनच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर आहे, पांडवलेणी त्याच दगडात कोरलीत. फरक एवढाच की आपला खडक थंड होऊन जमाना झाला आणि त्यांचा अजून वाहतो. जानेवारी २००२ मध्ये लाव्हा गोमा शहरातून थेट तळ्यापर्यंत पोचला आणि लाखो लोक सीमा ओलांडून गिसेन्यीकडे पळाले. मे २०२१ मध्ये पुन्हा स्फोट झाला, त्यानंतरच्या भूकंपांनी गिसेन्यीतल्या भिंती फुटल्या. जुलै १९९४ मध्ये मात्र लोंढा उलटा होता. रवांडातल्या नरसंहारानंतर काही दिवसांत ५ ते ८ लाख माणसं गोमाकडे गेली आणि पटकीनं व इतर आजारांनी पहिल्या महिन्यातच जवळजवळ ५० हजार मेली. खाली कडक खडक, संडासचे खड्डे खणता येईनात, कबरी खणता येईनात. ज्यानं सुरुंग लावून विहीर पाडलीये त्याला हे लगेच कळेल. मला तर हा आकडा वाचून बराच वेळ पुढे वाचवलंच नाही.

आता तळं. किवू जवळपास ४८० मीटर खोल आहे आणि त्याच्या तळाच्या पाण्यात साधारण ३०० घन किलोमीटर कार्बन डायऑक्साइड आणि ६० घन किलोमीटर मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, विरघळलेला आहे. दर १० मीटर पाण्याला एक वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे ३०० मीटरवर साधारण ३० वातावरणांएवढा दाब. सोड्याच्या बाटलीचं बूच घट्ट असलं की गॅस आतच राहतो, तसं हे वरचं पाणी म्हणजे बूच. आपल्याकडे थंडीत धरणाचं वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली जातं, सगळं पाणी ढवळलं जातं. किवू विषुववृत्ताजवळ, तिथे निफाडसारखी थंडी नाही, शिवाय तळाला खारट, जड पाणी, त्यामुळे वरचे साठेक मीटरच मिसळतात आणि खालचं पाणी शेकडो वर्षं तसंच पडून.

बूच उडालं तर काय होतं हे २१ ऑगस्ट १९८६ ला कॅमेरूनमधल्या न्योस तळ्यानं दाखवलं. रात्री गॅस उसळला, दरीत उतरला आणि सुमारे १७०० माणसं झोपेत गेली. किवू न्योसपेक्षा कितीतरी मोठं आणि काठावर लाखोंची वस्ती. लगेच काही होईल असं शास्त्रज्ञ म्हणत नाहीत, कारण गॅस अजून त्या दाबाला मावेल तेवढा भरलेला नाही, पण तळाशी ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला तर थर हलू शकतात.

म्हणून मिथेन काढणं दोन्ही अर्थांनी कामाचं. गिसेन्यीजवळ १९६० च्या दशकातच थोडा गॅस काढून बिअरच्या कारखान्याचे बॉयलर चालवायचे, आणि २०१६ पासून दक्षिणेला किबुयेजवळ २६ मेगावॅटचं केंद्र त्यावर वीज करतं. पाईप खोल सोडला की पाणी वर येता येता दाब कमी होतो, बुडबुडे सुटतात आणि ते बुडबुडेच पाण्याला वर ओढतात, पंप फक्त सुरुवातीला लागतो. गॅस काढलेलं पाणी मग परत खोलवरच सोडावं लागतं. वरच ओतलं तर त्यातली क्षारं आणि पोषकद्रव्यं उथळ पाण्यात मिसळून शेवाळ माजेल, खालचे थर पातळ होतील आणि ज्या वरच्या पाण्यात गिसेन्यीचे कोळी रात्री दिवे लावून सांबाझा मासे पकडतात तेच बिघडेल.