रक्षाकवच ते कवच : मधली वीस वर्षे

ऑगस्ट १९९९ मध्ये पश्चिम बंगालमधल्या गैसलला दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आल्या आणि २८० हून अधिक माणसे गेली. त्याआधी १९९५ मध्ये फिरोझाबाद आणि १९९८ मध्ये खन्ना इथे, थांबलेल्या किंवा घसरलेल्या गाडीवर दुसरी गाडी येऊन आदळली होती. तिन्ही वेळा चालकाला पुढचा धोका कळायला कोणतीही सोय नव्हती. २००१ मध्ये १७,००० कोटींचा खास सुरक्षा निधी उभा राहिला. जुने रूळ, पूल आणि सिग्नल बदलण्यावर तो खर्च झाला, आणि त्या कामाचे श्रेय द्यायलाच हवे.

टक्कर टाळणाऱ्या देशी यंत्राची कल्पना मात्र कोकण रेल्वेतून आली. इंजिनात, गार्डच्या डब्यात, स्थानकात आणि फाटकावर एकेक पेटी बसवायची. पेट्या उपग्रहावरून आपली जागा ओळखणार, रेडिओवरून एकमेकींशी बोलणार आणि दोन गाड्या धोकादायकरीत्या जवळ आल्या तर ब्रेक आपोआप लागणार. नाव ठेवले ‘रक्षाकवच’. गाडी आपोआप थांबवणाऱ्या आजच्या ‘कवच’ यंत्रणेशी लोक त्याची गल्लत करतात, पण आतले तंत्र वेगळे आहे. गंमत अशी, की खुद्द कोकण रेल्वेवरचे मोठे अपघात टकरीचे नव्हते. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये महाडच्या बाजूला आंबे इथे गाड्या घसरल्या त्या रुळावर आलेल्या दरडीमुळे. त्यावर उपाय अगदी साधे होते: डोंगरउतारावर जाळ्या, पावसाळी गस्त, आणि गाड्यांचा वेग कमी ठेवणारे पावसाळी वेळापत्रक.

रक्षाकवच ईशान्येत सुमारे १,७०० किलोमीटरवर बसवले गेले आणि तिथून वाद सुरू झाला. एकेरी मार्गावर उपग्रहाने सांगितलेली जागा पुरेशी होती. स्थानकात रूळ एकमेकांपासून जेमतेम पाच मीटरवर, तिथे गाडी मेन लाइनवर आहे की शेजारच्या लूपवर (गाडी बाजूला उभी करायच्या रुळावर), हे पेटीला खात्रीने सांगता येईना. मग शेजारच्या रुळावरून गाडी गेली तरी ब्रेक लागायचे. शिवाय हे यंत्र सिग्नल पाहतच नव्हते. चालकाने लाल सिग्नल ओलांडला आणि पुढे रूळ मोकळा असला, तर यंत्राच्या लेखी सगळे ठीक. तज्ज्ञांनी त्याला नकार दिला तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण जे हाती होते ते एकेरी मार्गांपुरते सुधारून वापरायला हरकत कोणाची होती? तो मधला मार्ग सोडून पाटी कोरी करण्यात आली.

दरम्यान, एका अणुशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. पाच वर्षांत १ लाख कोटी खर्चा, १९,००० किलोमीटरवर गाडी आपोआप रोखणारी युरोपीय धर्तीची यंत्रणा बसवा, आणि रेल्वेवर देखरेखीला रेल्वेबाहेरचे स्वतंत्र प्राधिकरण नेमा, असे त्यात होते. पैशांवर चर्चा झाली. प्राधिकरण आजही नाही.

युरोपीय यंत्रणा महाग म्हणून देशी दुसरा प्रयत्न लिंगमपल्ली, विकाराबाद, वाडी, बीदर या पट्ट्यात सुरू झाला. यात स्लीपरवर बसवलेले टॅग गाडीला नेमकी जागा सांगतात आणि स्थानकातले इंटरलॉकिंग (रूळ आणि सिग्नल यांचा मेळ राखणारी यंत्रणा) सिग्नलची स्थिती थेट इंजिनात पाठवते. प्रवासी गाड्यांवर चाचणी २०१६ मध्ये झाली, राष्ट्रीय मान्यता २०२० मध्ये मिळाली. हेच आजचे ‘कवच’. २०२२ मध्ये रेल्वेमंत्री इंजिनात बसले, समोरून दुसरे इंजिन आणले गेले आणि गाडी आपोआप थांबली. चित्रफीत देशभर फिरली.

सव्वा वर्षाने, २ जून २०२३ ला बालासोरजवळ बहानगा बाजारला कोरोमंडल एक्स्प्रेस मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळूनही लूपवर गेली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक मृत्यू झाले. ‘कवच का नव्हते?’ या प्रश्नाने पुढचे आठ दिवस गाजले. तो प्रश्न अर्धाच होता. फाटकाच्या कामात सिग्नलच्या तारा चुकीच्या जोडल्या गेल्याचे चौकशीत निघाले. कवच इंटरलॉकिंगच्या माहितीवर चालते. ती माहितीच खोटी असेल तर त्याला ती धडक चुकवता आली असती, हे मानणे कठीण आहे. जून २०२४ मध्ये रंगापाणीजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडीने मागून धडक दिली, तिथे मात्र हा प्रश्न पूर्णपणे रास्त होता. कवचची सुधारित चौथी आवृत्ती त्यानंतर महिन्याभरात मंजूर झाली.

मोठे अपघात २०००-०१ मधल्या ४७३ वरून २०२३-२४ मध्ये ४० वर आल्याचे सरकार सांगते आणि ते खरेही आहे. मात्र रूळ ओलांडताना किंवा लोकलमधून पडून गेलेले त्यात धरलेले नाहीत. २०१२ च्या त्याच अहवालाने असे मृत्यू वर्षाला सुमारे १५,००० सांगितले होते, पैकी ६,००० च्या आसपास एकट्या मुंबई उपनगरात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले, त्यानंतर नव्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारे दरवाजे देण्याची घोषणा झाली.